रजिस्टरात मी आत होते

वैशाली, गाझियाबाद
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

उत्तराताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील तर पुढचं वाच. फोन करता येत नाही. तू मला ब्लॉक केलंयस हे एक, आणि दुसरं म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजर कृतिका मॅडमनी बजावलंय की या विषयावर फोनमध्ये एक अक्षर टाइप करायचं नाही, घरच्यांनाही नाही. ‘फ़ोन में जो लिखा, वो कल मेज़ पर आएगा.’ कागदाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पोस्टात पाकीट मागायला गेले तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘चिट्ठी है? हाथ से लिखोगी?’ आणि शेजारच्याला बोलावून मला दाखवलं, जसं काही मी बैलगाडीतून आलेय.

तर. मी एप्रिलपासून इथे आहे. त्याआधी हिमाचलात कसोलला एका हॉस्टेलात होते, तिथे बर्फ वितळून पाइप फुटला तो वेगळाच किस्सा, मग इकडे येऊन नोएडात सहा आठवडे फोनवरून विमा विकत होते. जूनपासून एका खासगी हॉस्पिटलात हाडांच्या ओपीडीत फीमेल अटेंडंट. काम काय, तर उभं राहायचं. पुरुष डॉक्टर बाई पेशंटला तपासत असेल तेव्हा पडद्याच्या आत एक बाई हजर पाहिजे असा नियम आहे. ती बाई मी. औषध द्यायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. दिसेल असं उभं राहायचं आणि नंतर रजिस्टरात सही करायची की मी आत होते. हस, हस. एका जागी उभं राहायचा पगार मिळतो मला. मला!

आता जे झालंय ते. अठरा नोव्हेंबरला मयूर विहारच्या एक बाई पाठ दाखवायला आल्या होत्या. त्यांनी लेखी तक्रार दिलीय की तपासताना आमच्या डॉक्टरांनी, इंद्रजित सरांनी, नको तिथे हात लावले, आणि पाठीच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे माझी सही आहे. म्हणजे एक तर त्या खोटं बोलतायत, नाहीतर मी उभी राहून बघत बसले. अकरा तारखेला हॉस्पिटलच्या तक्रार समितीसमोर मला सांगायचंय की मी काय पाहिलं.

मी आत होते ताई. काही झालं नाही. झालं असतं तर मला दिसलंच असतं ना?

सर चांगले आहेत. इथे ‘ए लड़की’ न म्हणता नावाने हाक मारणारे ते एकटेच. मी उभी राहून कंटाळते हेही त्यांना कळतं.

भाऊजींना एवढं विचारशील का, की सही करणाऱ्या माणसाला काय काय होऊ शकतं? असंच, माहिती म्हणून. माझं नाव नको सांगू. त्यांच्या मंत्रालयात फायली फिरतात तेव्हा खालच्या सहीवाल्याचं काय होतं, तसं विचार.

तुझी सृष्टी पहिलीत गेली असेल. माझ्याबद्दल काही विचारते का? नको, ते नको लिहूस.

अक्षया

रविवार, ७ डिसेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी आत नव्हते.

हे एवढं लिहून मी वही मिटली आणि खाली जाऊन आले. गल्लीत एक माणूस सायकलला पन्नासेक फुलझाडू बांधून चालला होता, मागून माणूस दिसतच नव्हता, झाडूच चालल्यासारखे. त्याच्यामागे मी पार बाजारापर्यंत गेले. मग आठवलं की वही उघडायचीय.

रजिस्टरचं आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल मीच तेवढी लबाड. दिवसाला साठ पेशंट असतात. प्रत्येकीनंतर बाहेर येऊन सही करत बसलं की पुढची खोळंबते आणि डॉक्टर ओरडतात. म्हणून सकाळी नऊला, एकही पेशंट आलेली नसताना, आम्ही अटेंडंट अख्ख्या पानावर वरपासून खालपर्यंत सह्या करून टाकतो. नाव आणि वेळ नंतर रिसेप्शनवाले भरतात. मला हे शिवांगीने शिकवलं. ती माझी रूममेट, तीही तिथेच, बायकांच्या ओपीडीत. पहिल्या दिवशी मी विचारलं, पेशंट आलीच नाही तर सही कशाची? ती म्हणाली, ‘अरे यार, तू हॉस्पिटल में है ना? तो है.’ आणि माझ्या रांगा ती भरायला लागली, माझी सही तिला माझ्यापेक्षा चांगली येते. महिनाअखेरीला कृतिका मॅडम रजिस्टर चाळायच्या, एकही जागा रिकामी नाही म्हणून शाबासकी द्यायच्या. तपासणीवाले येऊन फोटो काढून गेले होते आमच्या रजिस्टरचा. नमुना म्हणून.

अठरा तारखेला त्या बाई बाहेर बसून फोनवर म्हणत होत्या, ‘अहो, अजून चार नंबर आहेत, तुम्ही जेवून घ्या.’ मराठी ऐकलं आणि मी सरळ जाऊन शेजारी बसले.

‘कुठल्या तुम्ही काकू?’

‘अय्या, मराठी का तू? आम्ही इस्लामपूरचे. तू गं?’

‘कराड.’

‘म्हणजे शेजारीच की. इकडे कुठे उडत आलीस एवढ्या लांब?’

त्यांचं नाव इंदुमती. यजमान सरकारी नोकरीत, तुमच्यासारखेच बदलीवर आलेले. पुरुष डॉक्टर आहे म्हणून त्या येत नव्हत्या, यजमानांनी पाठवलं. मला विचारलं, ‘आत तूच असशील ना?’ मी म्हटलं, ‘मीच. माझं कामच आहे ते.’ मग त्यांनी पर्स माझ्याकडे दिली.

आत गेल्यावर त्यांना पालथं झोपायला सांगितलं, तोंड भिंतीकडे. मी पडदा ओढला आणि उजवीकडे उभी राहिले. हे खरं आहे. मग सरांनी खिडकीकडे मान हलवली. सुरुवातीला ते तोंडाने सांगायचे, जा, खाली अमुक आलंय, बघून ये पाच मिनिटं. आता मान हलवली तरी मला कळायचं. खाली बँडवाले लग्नासाठी सराव करत होते, वरपर्यंत ऐकू येत होतं. मी गेले. आणि ताई, काकूंना त्रास नको म्हणून टाचा उचलून, आवाज न करता गेले.

वीस मिनिटांनी परत आले तेव्हा त्या बाहेर बाकावर होत्या. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात. मी म्हटलं, ‘झालं काकू?’ त्यांनी माझ्या हातातून पर्स ओढून घेतली. बँड ऐकायला मी ती पर्ससकट गेले होते. मला वाटलं, पर्समुळेच चिडल्या.

काल कृतिका मॅडमनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि माझी तयारी करून घेतली.

‘कहाँ खड़ी थी?’

‘परदे के अंदर.’

‘दाएँ या बाएँ?’

‘दाएँ.’

‘हर बार दाएँ बोलना. एक बार भी इधर-उधर नहीं. क्या देखा?’

‘नॉर्मल चेकअप.’

‘शाबाश.’

त्या काही राक्षसीण नाहीत. नखं पार कुरतडलेली आहेत त्यांची. म्हणाल्या, रजिस्टर म्हणजे हॉस्पिटलची छत्री, वकील आणि विमावाले पहिल्यांदा तेच मागतात. ती छत्री फाटली की सगळे भिजणार. ‘और सबसे पहले कौन? जिसके साइन हैं.’

मी हळूच विचारलं, ‘मैडम, अगर मैं अंदर नहीं थी तो?’

त्यांनी कप खाली ठेवला. दार बंद आहे का ते वळून पाहिलं. ‘ये सवाल तूने मुझसे पूछा ही नहीं.’

तेव्हापासून डबा तसाच परत आणते. जेवण जात नाही. लिफ्टमध्ये कोणी हसलं तरी वाटतं माझ्यावर. खोटं बोलले तर काकू खोट्या ठरतात, खरं बोलले तर सहा महिन्यांच्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात, आणि त्या माझ्या आहेत. तू मोठी आहेस, तू सांग. एका ओळीत सांग, पोस्टकार्डावर सांग.

अक्षया

मंगळवार, ९ डिसेंबर

ताई,

तुझं काही आलं नाही. मला वाटलं होतं भाऊजी तरी.

आज सुट्टी होती. मेट्रोच्या पायऱ्यांवर बसून फोनमधले फोटो काढून टाकत होते, जागा संपलीय म्हणून. मला जे दिसेल त्याचे फोटो काढायची सवय तुला माहितीच आहे. तर त्यात तो बँड सापडला. लाल कोट, मधला एक म्हातारा, त्याच्या तुतारीला दोरी बांधलेली. खाली तारीख आणि वेळ. अठरा नोव्हेंबर, अकरा बेचाळीस.

त्याच्या आधीचा फोटो, शाळेतल्या पोरांची मिरवणूक. सव्वीस सप्टेंबर, साडेदहा. त्या दिवशीही मी कामावर होते. तेव्हा सर म्हणाले होते, ‘जा, बच्चों को देख, तेरा दिल बहलेगा.’ त्याच्या आधी माकडांनी वायर तोडलेली, लाइनमन शिडीवर. त्याच्या आधी उसाच्या रसवाल्याचं भांडण. प्रत्येक वेळी सरांनीच पाठवलं होतं. आणि परत आल्यावर विचारायचे, ‘तो आज क्या देखा अक्षया?’ मी रंगवून सांगायचे. ते हसायचे. मला वाटायचं, या अख्ख्या इमारतीत माझं ऐकणारा एक माणूस आहे.

मी मोजले. चौदा.

ताई, सोबत सासू किंवा नवरा आत असला की सरांनी मला कधीच पाठवलं नाही. म्हाताऱ्या असल्या तरी नाही. हे मला आज पायरीवर बसून कळलं. ते मला कंटाळ्यातून सोडवत नव्हते. मी कशाने उठून जाते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

मग मी हॉस्पिटलात गेले. सुट्टीच्या दिवशी, दुपट्टा डोक्यावरून घेऊन. रजिस्टर अजून रिसेप्शनच्या खणातच होतं. एकेक फोटोची वेळ लावून पाहिली. चौदाच्या चौदा वेळी तिथे एका बाईचं नाव आहे आणि पुढे मी. एक तर एकोणीस वर्षांची आहे. त्या पानांचेही फोटो काढले. दोन हलले, परत काढले. जिन्यात कृतिका मॅडम भेटल्या. ‘आज तो तेरी छुट्टी है ना?’ मी म्हटलं, डबा विसरला होता. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि वर गेल्या. त्यांचं ते बघणंच मला जास्त घाबरवतंय. आता शिवांगी सांगते की रिसेप्शनवरचं रजिस्टर मॅडमच्या कपाटात गेलं.

हे फोटो पुसले तर कोणालाच काही कळणार नाही. अंगठा तीनदा त्या बटणावर गेला. म्हणून आधी तुला लिहून टाकते, म्हणजे पुसूनही उपयोग नाही.

आणि लिहितेच आहे तर सरोजिनी नगरच्या बाजाराचंही लिहिते. मागच्या वर्षीच्या दिवाळीत मी तुला सांगितलं की तिथल्या गर्दीत सृष्टीचा हात सुटला. हात सुटला नव्हता. मी तिला एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, म्हटलं, ‘इथेच बस, मावशी आलीच,’ आणि एक जण तारेच्या सायकली बनवत होता ते बघायला गेले. किती वेळ ते मला माहीत नाही. ती दोन तास सापडली नाही. पोलीस चौकीत तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच तुला कळलं असणार. पण मी म्हटलं नव्हतं तोंडाने. आता म्हटलं.

परवा समिती आहे.

अक्षया

रविवार, १४ डिसेंबर

ताई,

झालं. नीट क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

टेबलापलीकडे चौघे होते. तिघं हॉस्पिटलचेच, आणि एक बाहेरच्या, पांढऱ्या केसांच्या वकीलबाई. कृतिका मॅडम दाराबाहेर. माझ्या फोनमध्ये चौदा फोटो, आणि मी आदल्या दिवशी ठरवलेलं वाक्य पाठ केलेलं. पण वकीलबाईंनी विचारलं, ‘कहाँ खड़ी थीं आप?’ आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘दाएँ.’

बघ ना. एवढं सगळं करून, दाएँ.

‘मरीज़ का मुँह किधर था?’

‘दीवार की तरफ़.’

‘डॉक्टर का हाथ कहाँ था?’

‘नॉर्मल चेकअप.’

‘बेटा, मैंने पूछा हाथ कहाँ था.’

मला तिथे काहीच दिसेना. मी डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला, खरंच, की ते कुठे उभे असतील, हात कुठे असेल, तर मला फक्त लाल कोट दिसत होते. पाणी मागितलं आणि ग्लास हातात असतानाच म्हटलं, ‘मैं नीचे थी. बैंड सुन रही थी. मैं अंदर नहीं थी.’

हॉस्पिटलवाल्यांपैकी एकाने लगेच विचारलं, मग रजिस्टरातली सही? मी सकाळी नऊच्या सह्यांचं सांगितलं. तो म्हणाला, ‘मतलब आप मान रही हैं कि आपने झूठा रिकॉर्ड बनाया?’ असं विचारल्यावर काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. फोन टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी चष्मा बदलून एकेक फोटो पाहिला, माकडांचासुद्धा, आणि त्याच्या जोडीचं रजिस्टरचं पान.

‘चौदह बार?’

‘चौदह फ़ोटो हैं. हर बार फ़ोटो नहीं खींचती.’

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. एसी चालू होता, थंडीत कशाला लावतात देव जाणे.

बाहेर आले तेव्हा कृतिका मॅडमनी हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवतायत. त्यांना माझं ओळखपत्र हवं होतं. गळ्यातून काढताना माझे केस अडकले त्यात, तेही त्यांनीच सोडवले. हळू आवाजात म्हणाल्या, ‘पागल है तू. वकील ढूँढ ले.’ त्यांचे डोळे लाल होते. सर सुट्टीवर आहेत म्हणे, कधीपासून ते कोणी सांगत नाही. त्यांना माझी खोली माहीत आहे. शिवांगी दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेलीय आणि मी दाराला खुर्ची लावून बसते, दिवसासुद्धा.

पण मला हे सांगायचं नव्हतं. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर इंदुमतीकाकू होत्या. यजमान गाडी लावायला गेलेले. मला तिथूनच जायचं होतं, दुसरा रस्ता नाही.

‘काय सांगितलंस आत?’ त्यांनी विचारलं. ना ‘अगं’, ना ‘बाळा’.

‘खरं ते. मी नव्हते काकू. मी तेव्हा खाली गेले होते.’

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर बरं केलंस म्हणतील.

‘नव्हतीस?’

‘नाही.’

‘पडद्याआड तू नव्हतीस?’

‘नाही काकू. सरांनी खूण केली आणि मी गेले. तुम्हाला आवाज नको म्हणून हळू गेले.’

त्यांनी पदर मुठीत धरला. ‘मान वळवता येत नव्हती मला. पण म्हटलं, पोरगी आहे. रोज बघते ती. काय असतं, काय नसतं हे तिला ठाऊक. ती काही बोलत नाही म्हणजे हे असंच तपासत असतील. माझंच मन वाईट. म्हणून गप्प पडून राहिले मी.’ मग म्हणाल्या, ‘नाहीतर ओरडले असते गं. इस्लामपूरची आहे मी. चार भिंती हलवल्या असत्या.’

यजमान आले. त्यांनी मला ओळखलं नाही, वाट द्या म्हणाले. मी वाट दिली.

उद्या अकरा वाजता पोलीस माझा जबाब घेणार आहेत. काकूंनी तिकडेही तक्रार दिलीय. खोट्या सह्यांचं माझ्यावर काय होईल हे वकीलबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. मी खूप घाबरलेय ताई. पळून जायचं मनात आलं नाही असं नाही, कालच आनंद विहारला जाऊन डेहराडूनच्या बसमध्ये बसले होते, कंडक्टर यायच्या आत उतरले. उद्या मी जाईन. तू ये असं म्हणत नाही.

तिथे सगळं सांगून झालं की ते रजिस्टरातल्या बाकीच्या तेरा जणींना फोन करणार आहेत. कोणी त्यांना विचारेल, तेव्हा आत अजून कोण होतं? मला त्याचीच भीती वाटते. त्यातल्या किती जणी अजून सांगतील की एक मुलगी होती, पडद्यापाशी उभी होती, आणि काही बोलली नाही?

अक्षया